मंडईत उतरलो, परतीची बस कुठे मिळेल?

आपण लिहिले आहे की आपण शिक्षणासाठी जालन्याहून पुण्यात आला आहात, स्वारगेटजवळ खोली घेतली आहे आणि पहिल्याच आठवड्यात शहर बसने मंडईला जाऊन आलात. जाणे सुरळीत झाले. परतताना मात्र उतरलेल्या थांब्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे पाऊण तास उभे राहूनही स्वारगेटकडे जाणारी एकही गाडी आली नाही आणि शेवटी रिक्षा करावी लागली. मोबाइलमधील नकाशात थांबा दिसतो, पण प्रत्यक्ष जागेवर सापडत नाही, तो कसा शोधावा, असे आपण विचारले आहे. या शहराच्या बसमध्ये मी आधी वाहक आणि पुढे वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षे काढली. हा प्रश्न मला खिडकीवर किती वेळा विचारला गेला असेल याची गणती नाही, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आपण जिथे उभे होता तिथे स्वारगेटची बस कधीच आली नसती. मंडईजवळून जाणारा शिवाजी रस्ता एकेरी आहे. स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे आणि पुढे नवा पूल ओलांडून मनपाकडे जाणारी वाहनेच त्या रस्त्याने जातात. शनिवारवाड्याकडून स्वारगेटला येणारी वाहने बाजीराव रस्त्याने येतात, आणि तोही एकेरीच आहे. दोन्ही रस्ते जवळपास समांतर असून मंडईच्या आसपास त्यांच्यात पाचएक मिनिटांच्या चालण्याचे अंतर आहे. म्हणजे मामलेदार कचेरी, मंडई हे थांबे जाताना लागतात, आणि त्याच मार्गाची, त्याच क्रमांकाची गाडी परतताना अप्पा बळवंत चौक, शनिपार, भिकारदास मारुती, सारसबाग अशी येते. आपल्याला मंडईचा परतीचा थांबा हवा होता. मंडईला परतीचा थांबा नाही, तिच्या वाटणीचे काम शनिपार करतो.

जालन्यात किंवा कोणत्याही लहान शहरात वाढलेल्या माणसाच्या मनात बसथांब्याचे चित्र पक्के असते. रस्त्याच्या एका बाजूला जाण्याचा थांबा आणि त्याच्या समोर येण्याचा. पुण्याच्या उपनगरांत हे चित्र बऱ्याच अंशी खरे ठरते. सिंहगड रस्ता किंवा पौड रस्ता या ठिकाणी पलीकडे गेलात की परतीचा थांबा थोडा पुढेमागे सापडतोच. पण पेठांमध्ये आणि डेक्कन परिसरात ते चित्र पुसून टाकावे लागते. तिथे थांबा ठिकाणाचा कमी आणि दिशेचा जास्त असतो, त्यामुळे “अमुक ठिकाणचा थांबा कुठे आहे” हा प्रश्न अर्धाच राहतो. “अमुक ठिकाणाहून तमुक दिशेला जाणारी गाडी कोणत्या रस्त्याने जाते” असे विचारले की उत्तर मिळते. रस्ता कळला की थांबा शोधायला दोन मिनिटेही लागत नाहीत. रस्ताच चुकला असेल, तर त्याच्यावर मैलभर चाललात तरी उपयोग नाही.

अशी दुसरी जोडी नदीपलीकडे आहे आणि विद्यार्थी म्हणून ती आपल्याला रोज भेटेल. फर्ग्युसन रस्ता डेक्कनच्या गुडलक चौकाकडून ज्ञानेश्वर पादुका चौकाकडे एकेरी जातो, तर जंगली महाराज रस्ता शिवाजीनगरकडून डेक्कनकडे एकेरी येतो. त्यामुळे फर्ग्युसन महाविद्यालयाच्या दारात बसमधून उतरलेला मुलगा परतताना तिथे उभा राहून चालत नाही. त्याला जंगली महाराज रस्त्यावर येऊन बालगंधर्व किंवा संभाजी उद्यान इथे डेक्कनकडे येणारी गाडी पकडावी लागते. लक्ष्मी रस्त्याचेही तसेच. तो पूर्वेकडून अलका टॉकीजच्या चौकाकडे वाहतो. अलकाकडून सिटी पोस्टकडे जायचे असेल, तर लक्ष्मी रस्त्यावर कितीही वेळ उभे राहिलात तरी गाडी समोरून येताना दिसेल, आपल्याला नेणार नाही. मी स्वतः नोकरीला लागण्यापूर्वी, गावाहून नवा आलो असताना, विजय टॉकीजपाशी अशाच उलट दिशेच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. एका दुकानदाराने बाहेर येऊन “आहो, इथून गाड्या फक्त येतात” एवढेच सांगितले होते. ते वाक्य मी पुढे वाहक म्हणून शेकडो लोकांना ऐकवले.

या तीन ओळी आपण एका कागदावर लिहून ठेवाव्यात : शिवाजी रस्ता वर, बाजीराव रस्ता खाली. फर्ग्युसन रस्ता वर, जंगली महाराज रस्ता खाली. लक्ष्मी रस्ता अलकाकडे. ‘वर’ म्हणजे शिवाजीनगरच्या बाजूला, एवढेच मी मानले आहे. मध्य पुण्यातील बसचा बहुतेक गोंधळ या ओळींनी सुटतो.

आता नावांकडे वळतो, कारण आपला पुढचा घोटाळा तिथे होणार आहे. पुण्यातील थांब्यांची नावे एकाच वेळी ठरलेली नाहीत. महापालिकेची पुणे महानगरपालिका परिवहन, म्हणजे पीएमटी, १९५० मध्ये सुरू झाली, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ मध्ये, आणि २००७ मध्ये दोन्हींचे विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल, म्हणजे आजची शहर बससेवा, झाली. या साऱ्या काळात ज्या खुणेवरून लोक उतरत, तीच खूण थांब्याचे नाव झाली. खूण नाहीशी झाली तरी नाव राहिले. कर्वे रस्त्यावर ‘नळ स्टॉप’ म्हणताना कोणी नळ शोधत नाही. वारजे जकातनाका हे नाव रोज हजारो लोक घेतात, पण पुण्यातील जकात २०१३ मध्येच बंद झाली. टॉकीज बंद पडतात, कंपन्या हलतात, महाविद्यालये नावे बदलतात, पण वाहकाच्या तोंडी जुनेच नाव असते. म्हणून थांब्याचे नाव ऐकल्यावर डोळ्यांनी ती वस्तू शोधू नये. ते नाव जसेच्या तसे कोणाला तरी विचारावे. अलका टॉकीज चौकाचे अधिकृत नाव लोकमान्य टिळक चौक आहे, लकडी पुलाचे संभाजी पूल. अधिकृत नाव घेऊन विचारलेत, तर समोरचा माणूस क्षणभर विचारात पडेल.

काही नावे मात्र खरोखर धोकादायक आहेत, कारण एकाच नावाखाली दोन जागा येतात. कोथरूड स्टँड आणि कोथरूड डेपो या वेगळ्या जागा आहेत. पहिला जुन्या कोथरूड गावाच्या बाजूला आहे, दुसरा पौड रस्त्यावर. गाडीच्या पाटीवर ‘कोथरूड’ एवढाच शब्द वाचून चढलेला माणूस मित्राच्या घरापासून बराच लांब उतरतो. ‘डेक्कन’ म्हणताना कोणी डेक्कन जिमखान्याचा बसथांबा धरतो, कोणी खंडुजीबाबा चौक, कोणी गुडलक चौक. ‘कार्पोरेशन’, ‘मनपा’ आणि ‘महापालिका’ हे तिन्ही शब्द एकाच मनपा भवनासाठी आहेत, पण त्या भवनाभोवती थांबे विखुरलेले आहेत आणि कोणत्या दिशेची गाडी कुठे लागते हे तिथेच विचारून घ्यावे लागते.

आणि ‘शिवाजीनगर’. आपण सुट्टीत जालन्याला जाण्यासाठी एसटी पकडाल तेव्हा हे विसरू नका. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले. छत्रपती संभाजीनगर, नाशिक या बाजूच्या एसटी गाड्यांसाठी लोक अजूनही ‘शिवाजीनगर स्टँड’ म्हणतात, पण जायचे असते वाकडेवाडीला. शहर बसच्या पाटीवरील ‘शिवाजीनगर’ वेगळे. त्या गाडीने जाऊन जुन्या स्थानकापाशी बॅगा घेऊन उतरलेले प्रवासी मी किती पाहिले! वाहकाकडे तिकीट मागतानाच “एसटीसाठी जायचे आहे, वाकडेवाडी” असे म्हणावे. गाडी तिकडे जात नसेल तर तो तिथेच सांगेल. याच कारणाने स्वारगेटलाही “बसस्टँड कुठे आहे” असे मोघम विचारू नये. तिथे एसटीचे स्थानक, शहर बसचे स्थानक आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून भुयारी मेट्रोचे स्थानक अशी तिन्ही आहेत. जुनी माणसे अजून “पीएमटी स्टँड की एसटी स्टँड?” असे उलट विचारतात, आणि त्यांचा तो प्रश्न अगदी रास्त आहे.

स्वारगेटविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपले राहणेच तिथे आहे. स्वारगेट हा थांबा एक नाही. जेधे चौकातून सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, शिवाजी रस्ता आणि सारसबागेकडचा रस्ता असे वेगवेगळे रस्ते फुटतात आणि गाडी ज्या रस्त्याला लागणार असते त्या रस्त्याच्या तोंडाशी तिचा थांबा असतो. शिवाय काही गाड्या स्वारगेटहूनच सुटतात आणि काही कात्रजकडून येऊन स्वारगेटवरून पुढे जातात. सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, पण ती वेळेवर सुटेपर्यंत थांबावे लागते. कात्रजकडून येणारी गाडी भरलेली असते, पण अशा गाड्या पाठोपाठ येतात. कात्रज ते शिवाजीनगर हा २ क्रमांकाचा मार्ग याचे चांगले उदाहरण आहे. मंडईपर्यंत जायचे असेल, तर मी उभे राहून जाणे पत्करीन. दहा मिनिटांच्या प्रवासासाठी स्थानकात पंधरा मिनिटे बसणे मला कधी पटले नाही.

सातारा रस्त्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. स्वारगेट ते कात्रज हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पहिला प्रायोगिक मार्ग २००६ मध्ये सुरू झाला आणि तिथे बसस्थानके रस्त्याच्या मध्यभागी आहेत. त्या स्थानकांना उजव्या बाजूला दार असलेल्या गाड्याच लागू शकतात. ज्या गाडीला उजवीकडे दार नाही, ती डाव्या कडेने धावते आणि फुटपाथजवळच्या थांब्यावर थांबते. म्हणून पद्मावती किंवा बालाजीनगर इथे उभे राहण्यापूर्वी आपली गाडी मधून जाते की कडेने, हे विचारून घ्यावे. मध्यभागी उभे राहून कडेने जाणाऱ्या गाडीकडे हात करणे व्यर्थ असते, आणि धावत रस्ता ओलांडणे जिवावरचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला संगमवाडी ते विश्रांतवाडी हा मार्गही २०१५ पासून याच पद्धतीचा आहे. नगर रस्त्यावरील बीआरटीचा बराचसा भाग मात्र पुढे काढून टाकण्यात आला, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून तिकडे मध्यभागी थांबे शोधू नका.

पाटी वाचण्याचा क्रम असा ठेवावा : आधी शेवटचे ठिकाण, मग क्रमांक, मग मार्गातील नाव. नवे प्रवासी नेमके उलट करतात. क्रमांक पाठ करतात आणि तो दिसला की चढतात. क्रमांक जाताना आणि येताना एकच असतो, म्हणून तो दिशा सांगत नाही. दिशा पाटीवरील शेवटचे ठिकाण सांगते. क्रमांकापुढे ‘अ’ किंवा दुसरे अक्षर असेल, तर गाडी मूळ मार्गापेक्षा कुठेतरी वेगळी वळते किंवा अलीकडेच संपते असे समजावे. शंका आली तर चढण्यापूर्वी वाहकाला ठिकाणाचे नाव सांगून विचारावे. मात्र “ही मनपाला जाते ना?” असे हो-नाहीचे विचारू नये. गर्दीत मान हलते ती कशासाठी हलली, हे कळत नाही. “शनिवारवाड्याला कुठे उतरू?” असे विचारले की त्याला बोलूनच उत्तर द्यावे लागते.

तिकिटाविषयी दोन शब्द. जून २०२५ च्या भाडेवाढीत टप्पे मोठे झाले. पहिल्या ५ किलोमीटरांना १० रुपये, आणि पुढेही ३० किलोमीटरांपर्यंत पाच-पाच किलोमीटरांचे टप्पे आहेत. पूर्वीसारखा एक थांबा अलीकडे उतरून पैसे वाचवण्याचा हिशेब आता फारसा जमत नाही. तिकिटावर चढल्याचे आणि उतरण्याचे ठिकाण छापलेले असते. ते फेकून देण्याऐवजी वाचा, कारण थांब्याचे यंत्रातील नाव आपल्याला तिथे फुकट मिळते. डावीकडच्या आसनांवर महिलांचा हक्क असतो, हे आपल्याला कोणीतरी आठवण करून देण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

उतरण्याचा थांबा ओळखताना थांबे मोजू नयेत. कोणी चढणारे-उतरणारे नसेल तर गाडी मधले थांबे न थांबता ओलांडते आणि मोजणी चुकते. त्याऐवजी आपल्या थांब्याच्या आधीची एक ठळक खूण लक्षात ठेवावी आणि ती दिसली की दाराकडे सरकावे. भिकारदास मारुतीपासून स्वारगेटला येताना सारसबागेचा परिसर दिसला की उठावे, एवढे पुरते. वाहकाची एक घंटा थांबण्याची आणि दोन घंटा निघण्याची. दोन घंटा वाजल्यावर उठलेला माणूस पुढच्याच थांब्यावर उतरतो.

मोबाइलमधील नकाशाविषयी आपली तक्रार खरी आहे, पण तिचे कारण समजले तर राग कमी होईल. अशा नकाशांना लागणाऱ्या माहितीत प्रत्येक थांबा अक्षांश-रेखांशासह आणि स्वतंत्र ओळख-क्रमांकासह नोंदवलेला असतो. जाण्याचा आणि येण्याचा थांबा यांचे नाव एकच असले, तरी त्या दोन वेगळ्या नोंदी असतात. आपण नुसते नाव टाकून शोधले की दोन्हींपैकी कोणतीतरी एक खूण समोर येते आणि ती आपल्या दिशेची असेलच असे नाही. म्हणून थांब्याचे नाव शोधू नये. निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण टाकून पूर्ण प्रवास शोधावा, म्हणजे दिशा त्यात आपोआप येते. मग नकाशा मोठा करून खूण रस्त्याच्या कोणत्या कडेला आहे ते पाहावे. दाखवलेली वेळ पुष्कळदा वेळापत्रकातील असते, गाडीच्या प्रत्यक्ष जागेवरून काढलेली नसते. गाडी आत्ता कुठे आहे हे पाहण्यासाठी पीएमपीएमएलचे ‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप २०२४ पासून आहे, ते घ्यावे. तरीही खांबाजवळ उभ्या असलेल्या भाजीवाल्या मावशींना विचारणे मी कधी सोडले नाही. रस्ता खोदल्यामुळे थांबा चार दिवसांसाठी पन्नास पावले सरकला आहे, हे त्यांना ठाऊक असते आणि ॲपला नसते.

वर्षातील दोन प्रसंगी वर लिहिलेले बरेचसे बाजूला ठेवावे लागेल. गणेशोत्सवात संध्याकाळनंतर शिवाजी रस्ता आणि लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद होतात आणि गाड्या वळवल्या जातात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या पालख्या भवानी पेठ आणि नाना पेठेत मुक्कामाला असतात, तेव्हा पूर्व भागातील मार्ग बदलतात. त्या दिवसांत मंडईला जायचे असेल, तर स्वारगेटहून सरळ भुयारी मेट्रोने जावे. मंडई हे पुढचेच स्थानक आहे. खरे तर एरवीही मंडईसाठी मेट्रो सोपी आहे, पण आपण बसचे विचारले आहे, आणि बसने फिरल्याशिवाय हे शहर कळत नाही असे माझेही मत आहे.

एक काम मात्र जरूर करा. एखाद्या रविवारी सकाळी, गर्दी नसताना, दिवसाचा पास काढा. जून २०२५ च्या दरांनुसार पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत तो ७० रुपयांचा आहे. मग खिडकीपाशी बसून आपल्या रोजच्या मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि त्याच मार्गाने परत या. वहीत दोन रकाने करा, एकात जातानाचे थांबे आणि दुसऱ्यात येतानाचे. दोन्ही याद्या जिथे जुळत नाहीत, तिथे रेघ मारून ठेवा. नवीन वाहकांना मी प्रशिक्षणानंतर पहिल्या आठवड्यात हेच करायला सांगत असे. ज्यांनी केले त्यांना पुन्हा कधी प्रवाशाला चुकीचे उत्तर द्यावे लागले नाही.

पुढच्या वेळी मंडईतून परतताना समोर ओलांडून उभे राहू नका. मंडईकडे पाठ करून तुळशीबागेच्या गल्लीतून पश्चिमेला निघा. गर्दीतून जरा वेळ लागेल, पण बाजीराव रस्ता लागतो. तिथून डावीकडे शनिपारच्या थांब्यावर जा आणि पाटीवर स्वारगेट किंवा कात्रज वाचून चढा.